नव्या मोटारीचे आगमन व जुनीचे मोल

गेल्या वर्षीच्या पंचांगाला पाडव्यानंतर रद्दीचा भाव येतो. गेल्या वर्षीच्या तांदळाला मात्र वाणी दोन पैसे अधिक मागतो आणि जाणती गृहिणी ते कुरकुर न करता देते. दोन्ही वस्तू जुन्याच. परंतु एकीचे काम नवीने पूर्णपणे आपल्याकडे घेतलेले असते, तर दुसरीचा गुण नवीत अद्याप उतरलेला नसतो. जुन्या मोटारींच्या बाजारात हा भेद फारसा कोणी करीत नाही. नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत घसरायचीच, असे विकणारा धरून चालतो, घेणारा धरून चालतो आणि कर्ज देणारी बँकही धरून चालते. बहुसंख्य मोटारींच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण युरोपात, विशेषतः ब्रिटन व जर्मनीत, ज्यांना ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात त्या छोट्या व वेगवान गाड्यांनी ही समजूत गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा खोटी पाडली आहे. हा केवळ हौशी मंडळींचा विषय नव्हे. पगारातून हप्ते फेडणाऱ्या माणसाची वर्षा-दोन वर्षांची बचत या एका अंदाजावर टांगलेली असते. अंदाज चुकला तर ती जाते, आणि कोणाच्या हिशेबवहीत तिची नोंदही होत नाही.

हॅचबॅक म्हणजे मागचे दार काचेसकट वर उघडणारी साधी घरगुती गाडी. तिच्यात दणकट इंजिन, कडक स्प्रिंगा आणि चांगले ब्रेक बसविले की ती ‘हॉट’ झाली. सोमवार ते शनिवार कचेरी, शाळा आणि बाजार. रविवारी घाटाची वळणे. फोक्सवॅगन कंपनीने १९७५ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘गोल्फ जीटीआय’ मांडली व पुढील वर्षी ती विक्रीस आणली. इंजिन ११० अश्वशक्तीचे, गाडीचे वजन आठशे किलोंच्या थोडे वर. अशा पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा हिशेब होता. प्रत्यक्षात एकट्या पहिल्या पिढीच्या ४,६१,६९० गाड्या बनल्या. शर्यतीची ऐट असलेली, पण मास्तराला किंवा कारकुनालाही आवाक्यात वाटेल अशी गाडी प्रथमच रस्त्यावर आली होती. या वर्गाच्या जुन्या गाड्यांना जो भाव येतो त्याचे मूळ या पहिल्या कराराशी आहे: थोडक्या पैशांत पुष्कळ आनंद. नव्या मॉडेलने हा करार पाळला की जुन्याचा भाव उतरतो. त्याने तो मोडला की जुने टिकते, कधी कधी वधारतेही.

आधी नेहमीचा क्रम पाहू. नवी गाडी येणार अशी कुणकुण लागली, एखाद्या छायाचित्रकाराने काळ्या-पांढऱ्या नक्षीखाली झाकलेली गाडी चाचणीच्या रस्त्यावर टिपली, की जाणते गिऱ्हाईक हात आखडते. मग कंपनी जुना साठा उठविण्यासाठी सवलत जाहीर करते. नव्याकोऱ्या गाडीवर तीन हजार पौंडांची सूट मिळू लागली की वर्षभर वापरलेल्या तशाच गाडीचा भाव त्याच दिवशी निदान तेवढा खाली येतो. तिच्या मालकाने काही अपराध केलेला नसतो. अखेरीस नवी गाडी शोरूममध्ये येते आणि पहिले हौशी गिऱ्हाईक आपली जुनी बदल्यात देऊन ती नेते. म्हणजे मागणी आटत असतानाच पुरवठा वाढतो. ब्रिटनमध्ये नोंदणीच्या पाटीवरील वर्षाचा आकडा मार्च व सप्टेंबर या दोन महिन्यांत बदलतो. नवी पाटी मिरविण्याच्या हौसेपायी त्याच महिन्यांत नव्या गाड्या अधिक खपतात आणि लागलीच जुन्यांची लाट बाजारावर येऊन आदळते.

या लाटेला तेथील हप्तेपद्धतीने आणखी जोर दिला आहे. ब्रिटनमध्ये खासगी गिऱ्हाइकांच्या बहुतेक नव्या गाड्या कर्जावर जातात, आणि त्यांतील लोकप्रिय पद्धती अशी: गाडीची तीन-चार वर्षांनंतरची किंमत वित्तसंस्था आजच ठरवून देते, गिऱ्हाइकाने भरायचे ते मुख्यतः मधल्या घसाऱ्याचे हप्ते व व्याज, आणि मुदत संपताच त्याने एक तर ठरलेली मोठी रक्कम भरून गाडी ठेवायची किंवा किल्ली परत द्यायची. किंमत अंदाजापेक्षा खाली गेली तर नुकसान वित्तसंस्थेचे. वर राहिली तर गिऱ्हाइकाला शिल्लक उरते आणि ती पुढच्या गाडीच्या आगाऊ रकमेत जमा होते. पहिल्या मालकाला हे छत्र आहे. जुन्या गाडीच्या बाजारात रोख पैसे किंवा साधे कर्ज घेऊन येणाऱ्या दुसऱ्या मालकाला मात्र तसे काही नाही. नवे मॉडेल सहा महिन्यांवर आले आहे हे विक्रेत्याला ठाऊक असते, त्याला नसते. घसरणीचा सर्वांत मोठा धक्का बसतो तो अशा नेमक्या वेळी नेमकी गाडी घेणाऱ्या माणसाला.

तरीही गोल्फचाच इतिहास सांगतो की नवी पिढी आली म्हणजे जुनी अडगळीत जातेच असे नाही. १९८४ ची दुसरी पिढी मोठी व सुखकर होती, पण तिने पहिलीचा बाज सोडला नव्हता. १९९१ मध्ये आलेली तिसरी पिढी अंगाने सुटलेली निघाली. वजन वाढले, प्रारंभीच्या जीटीआयची शक्ती मात्र ११५ अश्वांवरच थांबली. म्हणजे पंधरा वर्षांत पाच घोडे वाढले आणि ओझे त्यांच्या कितीतरी पट. जाणकारांनी नाके मुरडली. तेव्हापासून दुसऱ्या पिढीच्या चांगल्या राखलेल्या गाड्यांना तिसरीपेक्षा अधिक मान मिळत आला आहे. प्यूजोच्या ‘२०५ जीटीआय’ची कथा याहून बोलकी. १९८४ मध्ये आलेल्या या गाडीला पुढे तितक्याच तोलाचा वारस मिळाला नाही. ‘२०६’च्या जीटीआयने त्याच नावाची पाटी लावली, पण चाहते तिच्याकडे वळले नाहीत. असे असूनही २००० सालाच्या आसपास थकलेल्या २०५ ब्रिटनमध्ये हजार पौंडांच्या आत मिळत. आज नीट जपलेल्या गाडीला वीस हजारांच्या घरात मागणी होते. वारस नसणे हे जुन्याच्या मोलाचे एक कारण असले तरी ते मोल यायला कधी कधी वीस वर्षे जातात, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवावे. मधल्या काळात गाडी गंजते, आणि गंजाला चाहते आवरू शकत नाहीत.

त्या मधल्या घसरगुंडीचा मोठा वाटा नव्या मॉडेलांचा नव्हताच. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये या गाड्या चोरून रस्तोरस्ती उधळणाऱ्या पोरांचा उच्छाद झाला. विमा कंपन्यांनी हप्ते असे चढविले की पंचविशीच्या आतल्या माणसाला गाडीपेक्षा विमा जड जाऊ लागला. फोर्डच्या ‘एस्कॉर्ट एक्सआर३आय’सारख्या गाड्यांची मागणी पाहता पाहता ढासळली. शोरूममध्ये काय उभे आहे याइतकेच विम्याच्या, कराच्या व पेट्रोलच्या कचेऱ्यांत काय ठरते यावर जुन्या गाडीचा भाव ठरतो. हे सारे सोडून केवळ नव्या मॉडेलकडे बोट दाखविणे सोयीचे असते इतकेच.

अलीकडच्या काळातील सर्वांत बोधप्रद उदाहरण होंडाच्या ‘सिव्हिक टाइप आर’चे. २०१७ ची टाइप आर ब्रिटनमध्ये ३०,९९५ पौंडांपासून मिळू लागली. शक्ती ३२० अश्वांची. २०२३ मध्ये तिची उत्तराधिकारी तेथे विक्रीस आली ती ४६,९९५ पौंडांना. शक्ती ३२९ अश्वांची. नऊ घोड्यांना सोळा हजार पौंड, असा कोणी हिशेब मांडला तर तो सर्वस्वी न्याय्य होणार नाही; नवी गाडी अधिक सफाईदार आहे, तिच्या रूपातला भडकपणाही कमी झाला आहे, आणि मधल्या काळात सर्वच वस्तू महागल्या. पण महिन्याच्या पगाराकडे पाहून गाडी निवडणारे गिऱ्हाईक असाच हिशेब मांडते. ज्याने तीस-बत्तीस हजारांची तयारी ठेवली होती त्याच्या हातून नवी निसटली. तो जुनीकडे वळला. नव्याचे आगमन हीच जुनीची तेजी ठरली. शिवाय ब्रिटिश सरकारचा एक नियम येथे आडवा येतो. २०१७ च्या एप्रिलनंतर नोंदल्या गेलेल्या आणि ४०,००० पौंडांहून अधिक छापील किमतीच्या पेट्रोल गाडीवर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे जादा वार्षिक कर बसतो; २०२५ मध्ये तो ४२५ पौंड होता. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तरी कर तिच्याबरोबर जातो. म्हणजे नवी टाइप आर जुनी झाल्यावरही हे शेपूट घेऊनच बाजारात येणार, आणि २०१७ ची मात्र त्यातून सुटलेली.

टोयोटाच्या ‘जीआर यारिस’ने हाच धडा अधिक ठळकपणे गिरविला. जागतिक रॅली स्पर्धेच्या गरजेतून जन्मलेली ही गाडी २०२० मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत तीस हजार पौंडांच्या आत होती. २०२४ ची सुधारित आवृत्ती २६१ ऐवजी २८० अश्वांची झाली आणि किंमत सुमारे ४४,००० वर गेली. फोर्डने तर २०२० मध्ये नव्या ‘फोकस आरएस’चा बेतच सोडून दिला, युरोपातील कार्बन उत्सर्जनाच्या नियमांपायी अशी गाडी परवडेना. वारस जन्मालाच आला नाही म्हटल्यावर २०१६ ते २०१८ दरम्यानच्या आरएस बाळगणाऱ्यांनी आपल्या गाड्यांना आणखी घट्ट कवटाळले. फोर्डची ‘फिएस्टा’ २०२३ च्या जुलैत कायमची बंद झाली, ह्युंदाईच्या ‘आय२० एन’ व ‘आय३० एन’ २०२४ मध्ये युरोपच्या बाजारातून गेल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत होंडानेही अखेरच्या ४० गाड्यांची खास आवृत्ती जाहीर करून युरोपात टाइप आरचा निरोप घेतला. फोक्सवॅगनने आपली जीटीआय राखली आहे. पण २०२४ च्या सुधारणेत हाताने गिअर टाकण्याची सोय काढून टाकली. त्याच वेळी आठव्या पिढीच्या सुकाणूवरील स्पर्शाने चालणारी बटणे गिऱ्हाइकांच्या तक्रारींमुळे बदलून तिने पुन्हा खरीखुरी दाबायची बटणे बसविली. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले. गिअरचा दांडा हवाच असणाऱ्याला मागची गाडी शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

टंचाईत जुनी वस्तू नवीपेक्षा महाग होते, यात मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. ‘बजाज चेतक’साठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेली पिढी अद्याप आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर हाती पडली की तीच अधिक दामाने विकता येई, आणि कोणी तशी विकली तर शेजारीपाजारी त्याला व्यवहारचतुर म्हणत. परवाना पद्धतीने जे घडविले तेच २०२१-२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक चकत्यांच्या तुटवड्याने युरोपात घडविले. नवी गाडी मिळेना; ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांचे भाव अवघ्या वर्षभरात चतुर्थांशाहून अधिक चढले. त्या काळात घेतलेल्या गाडीची किंमत पुढे उतरली तेव्हा दोष नव्या मॉडेलच्या माथी मारला गेला. वास्तविक ती सूज ओसरली होती.

जुन्या मोटारींच्या बाजाराची चर्चा जॉर्ज अॅकरलॉफ यांच्या १९७० मधील निबंधाचा उल्लेख न करता पुरी होत नाही. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना संशयाचा भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात रद्दड माल उरतो, असे त्यांचे प्रतिपादन. या विषयावरील कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. हॉट हॅचबॅकला हा संशय दुपटीने लागू पडतो, कारण ती मुळातच दामटण्यासाठी घेतलेली असते. कोणी शर्यतीच्या मैदानावर पिदडलेली, कोणी इंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढवलेली व विकण्यापूर्वी तो फेरफार गुपचूप काढलेला. पण नवे मॉडेल येते त्या काही महिन्यांत एक वेगळी गोष्ट घडते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एरवी ‘इतकी चांगली आहे तर विकता कशाला?’ या प्रश्नाला विक्रेत्यापाशी सरळ उत्तर नसते. आता असते: त्याला नवी हवी आहे. नव्याच्या हव्यासाने निर्दोष गाड्याही बाजारात येतात, आणि भाव तर नेमका तेव्हाच नरम असतो. दहा वर्षे गाडी वापरण्याचा बेत असलेल्या आणि नव्याचे नऊ दिवस संपण्याची वाट पाहण्याइतका धीर असलेल्या माणसाला याहून चांगला हंगाम नाही. दोन वर्षांत फिरवून विकणाऱ्याने मात्र त्या हंगामापासून दूर राहावे.

महाराष्ट्राशी या कथेचे नाते चाकण व रांजणगाव येथून जाते. चाकणच्या कारखान्यात बनलेली ‘पोलो जीटी टीएसआय’ २०१३ मध्ये ७.९९ लाखांना आली. युरोपच्या मापाने तिला हॉट म्हणणे जरा धाडसाचेच, पण पुण्या-मुंबईच्या तरुणांना द्रुतगती मार्गावर तिने जो आनंद दिला तो खरा होता. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबले. रांजणगावी तयार झालेली फियाटची १४५ अश्वांची ‘अबार्थ पुन्तो’ २०१५ मध्ये ९.९५ लाखांना मिळत असे. तिलाही वारस मिळाला नाही. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात अधिकृतपणे आली खरी, पण आयात होऊन, ५३ लाखांना. पोलोच्या मालकाला ती पुढची पायरी वाटावी अशी अपेक्षा कोणी केली असेल तर त्याने आठ लाख व त्रेपन्न लाख यांमधल्या पायऱ्या मोजलेल्या नाहीत. अशा नव्या गाडीने जुन्या पोलोचा भाव पडत नाही. उलट दिशेचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ‘आय२० एन लाइन’सारखी नवी गाडी रातोरात स्वस्त झाली, आणि महिन्याभरापूर्वी जिने तीच गाडी वापरलेली म्हणून घेतली होती, तिचे नुकसान कोणत्याही नव्या मॉडेलविना झाले.

अशा वेळी ‘ही गाडी म्हणजे गुंतवणूक आहे’ हे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांचे आवडते वाक्य तपासून घ्यायला हवे. ते अधूनमधून खरे ठरते, म्हणूनच ते घातक आहे. फोकस आरएस किंवा यारिस टिकली म्हणून पुढची प्रत्येक छोटी वेगवान गाडी टिकेल असे नाही. जी गाडी टिकते ती कोठे तरी न चालवता ठेवली जाते. आणि न चालवलेली हॉट हॅचबॅक ही तर तिच्या मूळ कराराची चेष्टाच झाली. ज्यांच्यासाठी ही गाडी निघाली होती, त्यांना ती चालविण्याची भीती वाटू लागते: दर शंभर किलोमीटरला भाव किती उतरला याची. नवे मॉडेल केव्हा यायचे आहे, हप्ते संपतील तेव्हा ते बाजारात असेल काय, त्याची किंमत साधारण कोणत्या घरात राहील, एवढे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारण्याचा प्रघात पडला तरी पुष्कळ साधेल. बँकांनीही जुन्या गाडीवर कर्ज देताना केवळ वर्षांवरून घसारा काढण्याची सवय सोडावी; गाडीचे वय तिच्या जन्मतारखेइतकेच तिच्या वारसावर अवलंबून असते.

येती नवी मॉडेले विजेची आहेत. रेनोच्या कुळातील ‘अल्पाइन ए२९०’ २०२४ मध्ये आली. प्यूजोने २०२५ च्या जूनमध्ये ल मान्स येथे ‘ई-२०८ जीटीआय’ दाखवून चाळीस वर्षांपूर्वीच्या २०५ चे स्मरण मुद्दाम जागविले. फोक्सवॅगननेही त्याच वर्षी पोलोचे नाव विजेच्या गाडीला देऊन तिची जीटीआय काढण्याचा मनोदय जाहीर केला. ज्यांना केवळ वेग हवा आहे त्यांना या गाड्या पेट्रोलवालीपेक्षा अधिक देतील, कारण विजेची मोटार जागच्या जागी पूर्ण जोर लावते; त्या गिऱ्हाइकाच्या लेखी जुनी गाडी पंचांगासारखी कालबाह्य होईल. ज्यांना दांडा, क्लच आणि इंजिनाचा चढता सूर हवा आहे त्यांच्यापुढे नव्यात पर्यायच नाही. बाजारात या दोन्ही प्रकारची माणसे आहेत, आणि कोणती किती आहेत हे अद्याप कोणी मोजलेले नाही. तीन-चार वर्षांच्या हप्त्यांची मुदत धरली तर पहिल्या ए२९० गाड्या २०२७-२८ च्या सुमारास परत येऊ लागतील. शेवटच्या टाइप आर गाड्यांची मुदतही त्यानंतर थोड्याच काळात भरेल. ब्रिटनमधील व्यापाऱ्यांच्या आवारांत तेव्हा त्या शेजारी-शेजारी उभ्या राहतील, प्रत्येकीच्या काचेवर किमतीची चिठ्ठी लावलेली.